रक्तदाब, रक्तवाहिन्या आणि वैयावृत्त्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त चिकलठाणा येथे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)

 

जैन दर्शनात तपाचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर. उपवास हे बाह्य तप होय. तर रुग्णाची, वृद्धाची, तपस्व्याची सेवा, म्हणजेच वैयावृत्त्य, ज्याला घरोघरी वैयावच्च म्हणतात, ते आभ्यंतर तपात गणले गेले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ज्या दहा जणांची सेवा करावयाची त्यांची गणना आहे आणि त्यात ‘ग्लान’ म्हणजे आजारी साधूचे स्थान स्वतंत्रपणे दिलेले आहे. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या ग्रंथातील ही गोष्ट आहे, हे विशेष. असे असूनही व्यवहारात काय दिसते? अठ्ठाई करणाऱ्याचा वरघोडा निघतो, बँड वाजतो, वृत्तपत्रात छायाचित्र छापून येते. आणि ते योग्यच आहे. परंतु अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची रात्री दोन वाजता उठून कूस बदलणाऱ्या सुनेचा सत्कार कोणत्या व्यासपीठावर झाल्याचे आठवत नाही. तिचे तप मोजायला पचक्खाणही नसते आणि त्याला पारणेही नसते.

आजच्या विषयाची निवड याच कारणासाठी झाली आहे. उच्च रक्तदाब आणि त्यातून उद्भवणारे रक्तवाहिन्यांचे विकार यांवर डॉक्टर औषध लिहून देतात. त्याला पाच-दहा मिनिटे लागतात. उरलेला महिना रुग्ण घरात असतो आणि त्या महिन्याभरात जे घडते किंवा घडत नाही, त्यावर त्याचे पुढील आयुष्य अवलंबून राहते. त्या शुश्रूषेचा हा विचार आहे.

रक्तदाब म्हणजे रक्ताने वाहिन्यांच्या भिंतीवर टाकलेला भार. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा वरचा आकडा आणि ते सैल पडते तेव्हाचा खालचा आकडा. वारंवार मोजल्यावरही तो १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास उच्च रक्तदाब म्हणतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत २१ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा तो आटोक्यात ठेवण्यासाठी ते औषध घेत होते. म्हणजे या सभागृहात डावीकडे-उजवीकडे पाहिले तर चारपाच खुर्च्यांमागे एक. दुखत नाही, ताप येत नाही, भूक मरत नाही. म्हणून रुग्ण स्वतःला रुग्ण मानीत नाही. मात्र आत वाहिन्यांचे अस्तर झिजत असते, भिंती कडक होत असतात. मेंदू, हृदय, मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा आणि पाय, या पाच ठिकाणी त्याची वसुली एके दिवशी होते, आणि ती व्याजासकट होते.

औषध नव्हते तेव्हाची स्थिती आठवून पाहावी. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ इतका नोंदला गेला होता. जगातील सर्वांत सामर्थ्यशाली राष्ट्राचा प्रमुख. परंतु विश्रांती, मीठ कमी करणे आणि हृदयासाठीच्या काही गोळ्या यांपलीकडे त्यांच्या वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात ५० रुग्णांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला. औषध होते सर्पगंधा! आयुर्वेदाला आणि गावोगावच्या वैदूंना ठाऊक असलेल्या या वनस्पतीचा रक्तदाबावरील परिणाम भारतीय वैद्यांनी १९३१ च्या सुमारासच लिहून ठेवला होता; परंतु जगाने तो वकिलांच्या लेखानंतर मनावर घेतला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले गेले आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रिसर्पिनने काहींना औदासीन्य येई, म्हणून पुढे त्याची जागा अधिक निर्धोक गोळ्यांनी घेतली. महाराष्ट्राच्या या सुपुत्राचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न जाता जाता विचारून ठेवावा.

आज गोळी स्वस्त आहे. शासकीय दवाखान्यात ती विनामूल्य मिळते. प्रश्न आहे तो सातत्याचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे त्याच्या पहिल्या टप्प्यात होते. यात नवे औषध काही नव्हते. मोजक्या गोळ्यांचा एकच सोपा क्रम, महिनाभराची गोळी एकदम हाती देणे, प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवणे आणि जो आला नाही त्याला फोन करून किंवा घरी जाऊन बोलावणे, एवढेच. रक्तदाब मोजणे, नोंद ठेवणे आणि पाठपुरावा करणे हा भार परिचारिका व आरोग्य कर्मचाऱ्यांनी उचलला. म्हणजे जे काम डॉक्टरांच्या वेळेअभावी अडून राहिले होते, ते शुश्रूषेने पुढे नेले. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार लाभला. चिकलठाण्याचे भाग्य असे की जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला सारे ‘मिनी घाटी’ म्हणतात, ते येथेच आहे. करोनाच्या काळात २०२० मध्ये या रुग्णालयाने काय सोसले ते सर्वांनी पाहिले आहे. तेथे रक्तदाब मोजून घ्यायला कमीपणा मानण्याचे कारण नाही.

मोजण्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण घरोघरी यंत्रे आली आणि चुकीचे आकडेही आले. जिना चढून आलेल्या माणसाचा दंड लगेच पट्ट्यात अडकवू नये. लघवीला जाऊन यावे, पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी घातलेली नसावी, दंड हृदयाच्या पातळीवर आणि पट्टा उघड्या दंडावर. चहा अथवा तंबाखू आधीच्या अर्ध्या तासात नको. मोजताना बोलू नये आणि इतरांनीही बोलू नये; दुकानात गिऱ्हाईक समोर असताना मोजलेला रक्तदाब हा त्या गिऱ्हाइकाचा रक्तदाब असतो. दोन वेळा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. पहिल्या वेळी दोन्ही हातांत पाहावा. दोहोंत मोठा फरक दिसला तर ते डॉक्टरांना सांगावे, कारण एका हाताची वाहिनी अरुंद झालेली असू शकते. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ च्या खाली असावी. वृद्धांच्या बाबतीत आणखी एक काळजी: बसून मोजल्यावर उभे करून पुन्हा मोजावे. उभे राहताच दाब एकदम उतरत असेल, तर प्रतिक्रमणात वारंवार उठबस करताना किंवा पहाटे स्नानगृहाकडे जाताना भोवळ येते आणि खुब्याचे हाड मोडते. अशांनी उठताना आधी खाटेवर पाय खाली सोडून मिनिटभर बसावे.

आकडे लिहावेत हे शब्द सहज उच्चारले जातात, पण लिहिले जात नाहीत. ज्या समाजात पै-पैचा रोजमेळ संध्याकाळी मिळाल्याशिवाय दुकानाचे कुलूप लागत नाही, त्या समाजात बापाच्या रक्तदाबाची एक पानही वही नसावी, हे आश्चर्य आहे. तारीख, वेळ, दोन्ही आकडे, गोळी घेतली की नाही, पायावर सूज, वजन. इतके रकाने पुरेत. अशी वही पुढे ठेवली की डॉक्टरांना अंदाज बांधावा लागत नाही.

आता खास जैन कुटुंबांचा प्रश्न. शहरातील उत्तम परिचारिकेलाही जो ठाऊक नसतो, तो हा. चौविहार करणारा श्रावक सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. डॉक्टरांनी लिहिलेली रात्री नऊची गोळी मग एक तर सुटते, नाहीतर सकाळच्या गोळीबरोबर एकदम घेतली जाते. दोन्ही गोष्टी अपायकारक. पहिल्याच भेटीत सांगावे की रात्री काही घेता येत नाही. रक्तदाबाच्या बऱ्याच गोळ्या दिवसातून एकदा घ्यावयाच्या असतात आणि डॉक्टर त्यांची वेळ सकाळी किंवा सूर्यास्तापूर्वी बसवून देऊ शकतात. पर्युषणात किंवा दशलक्षणात मोठी तपश्चर्या करावयाची असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. उपवासात दाब आपोआप उतरतो. लघवी वाढवून पाणी काढून टाकणारी गोळी तशीच चालू राहिली तर शरीर कोरडे पडते, क्षार बिघडतात, मूत्रपिंडावर ताण येतो. मधुमेहाची गोळी सोबत असेल तर धोका दुणावतो. गोळी कमी करायची की थांबवायची हा निर्णय डॉक्टरांचा. तपस्व्याने अथवा शेजाऱ्याने तो घेऊ नये. ज्याला अर्धांगवायू किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्याला महाराज साहेबही दीर्घ तपाची आज्ञा सहसा देत नाहीत. त्यांच्यापासून आजार लपवून पचक्खाण घेणे हा दोष पदरी घेण्यासारखे आहे.

विहारातील साधु-साध्वींचा प्रश्न याहून नाजूक. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, करपात्रात आहार घेतात. पाणीही त्याच वेळी. म्हणून त्यांचे औषध त्या एका वेळेत बसणारेच असले पाहिजे. जालना रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या संघांना चिकलठाण्यात मुक्काम घडतो तेव्हा चौका लावण्याची घाई दिसते. महाराजांचा रक्तदाब पाहिला का, मागील गावी किती होता, हे विचारणारा क्वचित. एका गावच्या श्रावकाने पुढील गावच्या श्रावकाला आकड्याची चिठ्ठी द्यावी. तत्त्वार्थसूत्रातील ग्लानसेवा याहून वेगळी काय असेल?

काही जण औषध सोडतात ते कॅप्सूलच्या जिलेटिनमुळे. ते प्राणिज असते, हे खरे आहे. परंतु तेच औषध बहुधा साध्या गोळीच्या रूपात मिळते. दुकानदाराला व डॉक्टरांना विचारावे, मनातल्या मनात शंका धरून औषध बंद करू नये. रक्त गोठू नये म्हणून रुग्णालयात दिले जाणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून बनते, हेही अनेकांना ठाऊक नसते. काही प्रसंगी कृत्रिमरीत्या बनवलेले पर्यायी औषध चालू शकते, काही प्रसंगी नाही. आणीबाणीच्या क्षणी दारात उभे राहून हा वाद घालण्यापेक्षा कुटुंबाने आधीच विचार करून ठेवलेला बरा.

मिठाविषयी गैरसमज फार. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, आणि त्यात पापड-लोणच्यातले मीठही धरलेले आहे. “आमच्याकडे सैंधवच वापरतो,” असे अभिमानाने सांगितले जाते. सैंधव हेही मीठच आहे. सोडियम त्यातही आहे. पापडातील पापडखार, ढोकळ्यातील सोडा, पित्तावरचे फसफसणारे चूर्ण, ही सारी सोडियमचीच रूपे. आणि तिथीचा विचार करावा. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य, म्हणून ताटात पापडाची भाजी, गट्टे, वडी, कढी, लोणचे आणि खाकरा येतात. धर्म पाळला जातो, पण मीठ सामान्य दिवसापेक्षा अधिक पोटात जाते. मूग-चण्याची अळणी उसळ, ताक, जिरे-मिऱ्याची चव यांनी तिथी तितकीच पाळली जाते. बाजारातील कमी सोडियमचे मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याखेरीज वापरू नये, कारण त्यात पोटॅशियम असते. गुडघेदुखीच्या गोळ्या महिनोन्महिने स्वतःहून घेतल्यानेही दाब वाढतो, हेही ओघाने सांगितले पाहिजे.

आता त्या एका दिवसाविषयी, जो कोणाच्या घरी न येवो. तोंड एका बाजूला ओढले गेले, हात उचलता येईना, बोलणे बोबडे झाले, तर तो मेंदूचा झटका समजावा. वाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही मेंदूचा सीटी स्कॅन झाल्यानंतर. म्हणून रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा पाहिला ती वेळ लिहून घ्यावी आणि २०१४ पासून महाराष्ट्रात उपलब्ध असलेल्या १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जेथे स्कॅनची सोय आहे अशाच रुग्णालयात न्यावे. तोंडात पाणी, साखर, गोळी काही घालू नये. दाब वाढलेला दिसला म्हणून जिभेखाली गोळी ठेवण्याची जुनी रीत आता घातक ठरली आहे. एकाएकी दाब उतरला तर मेंदूचा आणखी भाग मरतो. एका कुशीवर निजवावे. एवढेच, आणि घाई. मान चोळणे, कांदा हुंगवणे, मामांची वाट पाहणे, यांत तास जातात.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंचा दोन वर्षे अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १५९९ मृत्यूंपैकी २२९ मेंदूच्या झटक्याने झालेले होते आणि तेच मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरले. त्यांतील सुमारे ८७ टक्के मृत्यू घरीच झाले. जंगलातील खेड्यांतही हा आजार पहिल्या क्रमांकावर असेल, तर बैठ्या व्यापाराच्या शहरी पेढीवर तो नसेल असे कसे म्हणावे? आणि घरीच ८७ टक्के, याचा अर्थ असा की अखेरच्या दिवसांतील परिचारिका म्हणजे पत्नी, सून, मुलगी. त्यांना शिकवणारे कोणी नव्हते.

झटक्यातून वाचलेल्या रुग्णाची घरातील शुश्रूषा ही खरी कसोटी. दर दोन तासांनी कूस बदलावी. माकडहाड, टाचा, खुबे येथील कातडी रोज उजेडात पाहावी. लाल डाग दाबूनही फिका होत नसेल तर ती पाठीच्या जखमेची सुरुवात असते. चादरीला सुरकुती नको, ओलावा नको. खाटेवर ओढून सरकवू नये, उचलून सरकवावे. चादरीचे कापड सुती आणि मऊ असावे. चकचकीत कृत्रिम धाग्याची चादर घाम धरते, हे कापडाच्या जाणकाराला सांगायला नको. गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय तोंडाने काही देऊ नये, कारण पातळ पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. देताना रुग्णाला सरळ बसवावे, हनुवटी किंचित खाली, लहान घास, घास गिळल्याची खात्री, आणि जेवणानंतर अर्धा तास बसलेलेच ठेवावे. चौविहारापूर्वी जेवण उरकायचे म्हणून घाईघाईने भरवण्याने अनेकदा ठसका लागतो. अशा रुग्णाचे जेवण तासभर आधी सुरू करावे. निकामी हाताला धरून उठवू नये, खांदा निखळतो. कमरेला आधार द्यावा. वाचा गेलेल्याशी मोठ्याने ओरडून बोलू नये, त्याचे कान शाबूत आहेत. नवकार मंत्र म्हणायला लावावा; साधे वाक्य न उच्चारणाऱ्या रुग्णाच्या ओठांवर पाठ असलेले शब्द कधी कधी येतात, असे वाचा-उपचार करणारेही सांगतात. आणि तो एकाएकी रडला किंवा चिडला, तर तो स्वभाव नव्हे, आजार आहे.

पायांच्या वाहिन्यांकडे फारसे लक्ष जात नाही. चालताना पोटरीत गोळे येतात, थांबले की थांबतात. वय झाले म्हणून ते सोडून दिले जाते. पायाची वाहिनी अरुंद झाल्याचे ते चिन्ह असू शकते. अशा पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नये, बधिर कातडी भाजते. रोज बोटांच्या बेचक्यांत पाहावे, नखे सरळ कापावीत. तंबाखू व गुटखा तत्काळ सुटला पाहिजे. वैद्याच्या सल्ल्याने दुखेपर्यंत चालणे, थांबणे, पुन्हा चालणे, हा उपचार आहे. वैशाखात देरासराच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणारे मधुमेही वृद्ध पाहिले की धसका बसतो. तेथे तागाची पायघडी अंथरणे फारसे खर्चाचे नाही. शस्त्रक्रियेनंतर एकाच पोटरीला सूज व दुखणे आले, तर ती कधीही चोळू नये. आत गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात जाते. लगेच डॉक्टरांना दाखवावे.

हे सारे एका घराच्या आवाक्याबाहेरचे आहे. हवेची गादी, डोके वर करता येणारी खाट, शौचाची खुर्ची, चाकाची खुर्ची, रक्तदाबाचे यंत्र. यांची गरज एका घराला काही महिने पडते आणि नंतर ती माळ्यावर धूळ खात पडतात. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून असे साहित्य घेऊन अनामत रकमेवर, सर्व धर्मांच्या रुग्णांना, वापरायला देण्याची सोय ट्रस्टला करता येईल. दर रविवारी प्रवचनानंतर अर्धा तास रक्तदाब तपासणी व वहीतील नोंद ठेवता येईल. घाटी किंवा मिनी घाटीतील अनुभवी परिचारिकेला मानधन देऊन सुना-मुलींना आणि विशेषतः मुलांना कूस बदलणे, भरवणे, यंत्र वापरणे प्रत्यक्ष शिकवता येईल. मुलांना, असा शब्द मुद्दाम वापरला आहे. चार महिने अहोरात्र जागलेल्या सुनेला आठवड्यातून एक रात्र झोप मिळावी, म्हणून युवक मंडळाने पाळी लावून त्या घरी जाऊन बसावे. त्या रात्री औषधाची वही त्यांनी भरावी आणि सकाळी ती तिच्या हाती द्यावी.

जय जिनेंद्र.